चंद्रभान, वय पाच, दफन

११ फेब्रुवारी २००१

अठरा तासांचा प्रवास झाला, पण थकवा म्हणून नाही! कारंजा (घाडगे)च्या फाट्यावर उतरले, तर सदाशिवकाका स्वतः मोटारसायकल घेऊन उभे. बाबांचे चुलतभाऊ. इथून चार मैलांवरच्या खेड्यात त्यांचे किराणा दुकान आहे, मागे संत्र्याची बाग. बाबांनी उभ्या जन्मात या गावाचे नाव काढले नाही. ते गेल्याची बातमी पेपरात वाचून काकांच्या सुनेने, गोपिकावहिनीने, नाशिकला पत्र टाकले, तेव्हा कळले की आपल्यालाही कुणी आहे. शकुंतलाकाकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि "आपलीच पोर हाये वो, किती दिसानं आली" म्हणत रडल्या. वहिनीचे दिवस भरत आलेत. शाळेतून पंधरा दिवसांची रजा आहे. तेवढ्यात वंशावळ पुरी करायची.

१३ फेब्रुवारी

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये दिवस गेला. बाबाराव नावाच्या म्हाताऱ्या कारकुनाने कोतवाल बुके काढून दिली. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यू कळवी, त्याच्या या नोंदी. आमच्या कुळात दहन नाही, म्हणून प्रत्येक नावापुढे 'दफन'. पणजोबा सापडले तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. एक मात्र चमत्कारिक. १९२१च्या मार्चमध्ये आमच्या घरातले एक मूल गेलेले, १९३१च्या फेब्रुवारीत आणखी एक. कारणाचा रकाना दोन्हीकडे कोरा. दोन्ही शिरगणतीची वर्षे, असे बाबाराव म्हणाले आणि पुस्तक मिटायला लागले. यंदाही शिरगणती आहे.

१४ फेब्रुवारी

आज १९४१च्या मार्चचे पान. 'चंद्रभान, वय पाच, दफन.' बापाचे नाव माझ्या आजोबांचेच. हे माझे बाबा! चौसष्टाव्या वर्षी, गेल्या दिवाळीत, माझ्या मांडीवर गेले ते. त्याच पानावर खाली, त्याच महिन्यात, आमच्या घरची सात माणसे अकरा दिवसांत गेलेली.

काकांना विचारले. कोतवालाची चूक असेल म्हणाले आणि संत्रे सोलून माझ्या हातात ठेवले.

१८ फेब्रुवारी

वहिनीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण पेढे नाहीत, कुणाला निरोप नाही. काकू बाळाकडे बघतसुद्धा नाहीत. दुपारी बागेत काका स्वतः खड्डा खणत होते. नवे कलम लावायचे म्हणाले. कलमाला एवढा लांब खड्डा कशाला?

१९ फेब्रुवारी

काकू दुकानात गेल्या तशी वहिनीने मला खोलीत ओढले आणि सगळे सांगितले. दर शिरगणतीला या घराने आपल्या रक्ताचे एक माणूस जमिनीला द्यायचे. जिवंत. सरकार जित्यांची मोजणी करते, जमीन आपली करते. एक्केचाळीस साली बाबांची पाळी होती. नाव कोतवालाकडे आधीच गेले होते. आजोबांनी पोराला उचलले आणि पहाटेच गाव सोडले. म्हणून ते सात.

एक्क्याण्णव साली वहिनीची पहिली मुलगी. दोन वर्षांची होती. मला बोलावले ते त्यासाठीच. "तुमचा बाप वाचला ना ताई? तसंच इले घेऊन जा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

२१ फेब्रुवारी

काकांना कळलेच होते. रागावले नाहीत. चहा पुढे केला आणि म्हणाले, रक्त घरचे पाहिजे, एवढेच. चंद्रभानची लेकही चालते. लेकरू सोडवायचे तर त्याच्या जागी तू राह्यजो. एकटी जाशील तर "जाजो, कोनी अडवत नाई. चारची एसटी हाये."

मी बॅग भरली. वहिनी दारात उभी होती, बाळ माझ्याकडे पुढे करून. मी म्हटले, वर्ध्याहून पोलीस घेऊन येते. तिने बाळ परत छातीशी घेतले.

साडेतीनलाच फाट्यावर जाऊन उभी राहिले.

२४ फेब्रुवारी

वर्धा. नालवाडीत रीताकडे, कॉलेजच्या मैत्रिणीकडे, उतरले आहे. पोलिसांत गेले नाही. कोण विश्वास ठेवणार? उद्या जाईन.

२५ फेब्रुवारी

गेले नाही.

२६ फेब्रुवारी

बूथवरून दुकानात फोन केला. वहिनीनेच उचलला. मी माफी मागायच्या आत म्हणाली, पोरगी जिती हाये. दोनदा पुरली. दोन्ही वेळा सकाळी मातीवर पडलेली, रडत, धडधाकट. जमिनीने घेतली नाही. जमिनीला दुसरेच पाहिजे, एक्केचाळीसचे राहिलेले —

वहिनी हसत होती. आनंदाने.

२७ फेब्रुवारी

चुळा भरते आहे तरी तोंडात माती येते. ओली. मुळांचे तंतू येतात. डॉक्टर म्हणतात, जीभ स्वच्छ आहे.

अंगणात पाय टेकवत नाही. पलंगावरच —

२८ फेब्रुवारी, सकाळ

दारात शिरगणतीचे मास्तर आलेत. घरात माणसे किती, विचारतात. रीता म्हणते, दोघेच, मी आणि हे.

माझ्याकडे बघत म्हणाली. माझ्याकडे बघून —

मी हाक मारते आहे. तोंड भरलेय. रीता चादरीवरची माती झटकते, माझ्या अंगावरून हात फिरवत, जणू इथे कुणी —

छातीवर वजन. हात अजून मोकळा आहे, लिहिते आहे, मी प्रेरणा चंद्रभान, वय चौतीस, जिवं