ताई खांबावर आपटली तेव्हा

गुरुवार संध्याकाळ, नेपरव्हिल, अमेरिका

आज लेकीच्या, मीराच्या शाळेत सॉकरचा सीझन सुरू होण्याआधीची पालकांची मीटिंग होती. डोक्याला मार लागला की मुलीला लगेच मैदानाबाहेर काढणार, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत खेळू देणार नाहीत. कायदाच आहे तसा. मग ट्रेनरबाईंनी मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं सांगितली. त्यातलं एक म्हणजे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं.

मला एकदम आमची ताई आठवली. साताऱ्याला शाळेत खो-खो खेळताना ती खांबावर आपटली आणि घरी येऊन झोपेपर्यंत एकच विचारत राहिली, "माझी चप्पल कुठंय?" चप्पल दारातच होती. दाखवली तरी पुन्हा तेच. किती हसलो होतो आम्ही. अजून लग्नाकार्यात तो चपलेचा किस्सा निघतोच. आज मात्र हसू येईना.

घरी आल्या आल्या ताईला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"तुला त्यातलं काही आठवतं का गं?"

"चप्पल नाही आठवत. तुम्ही सांगता म्हणून माहीत," ती म्हणाली. "बाबा माझी वेणी सोडत होते, तेवढं आठवतं. डोकं हलू नये म्हणून एकेक पेड अगदी हळू."

म्हणजे बाबा हसत नव्हते. आणि मी इतकी वर्षं किस्सा सांगताना त्यांनाही हसणाऱ्यांतच धरत आलो.