माझ्या पश्चात अण्णांचा ठसा

चेंबूर, १४ डिसेंबर १९८६

चंदू, गणपतीपासून तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. पुढचं वाचून माफ करावंसं वाटलं नाही तर करू नकोस.

मी, सुहासिनी रघुनाथ कर्णिक, वय ४६, अविवाहित, कॉलेजात ग्रंथपाल, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं संतापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे.

१. राहती जागा व बँकेतली शिल्लक धाकटा भाऊ चंद्रप्रकाश यास. भांडण जागेवरून नाही.

२. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः केलेला माझा कॅरम बोर्ड शेजारचे दत्ताराम सावंत यांस. त्यांच्या मंडळाने वर्गणी काढून चंदूच्या कारखान्यातला नवा बोर्ड साडेतीनशे रुपयांना घेतला. महिन्याभरात तो मधोमध फुगला. दत्ताराम तो चंदूकडे परत घेऊन आले. "पाठीवर अण्णांचं नाव बघून घेतला हो." चंदू म्हणाला, "पावडर जास्त टाका." त्या दिवसापासून माझा अबोला.

३. मी अन्याय तर करत नाही ना, म्हणून तसाच एक बोर्ड दुकानातून विकत आणला. महाग म्हणून वाईट म्हणणं बरोबर नाही. अण्णांचा बोर्डही त्या काळी महागच होता. फ्रेमची कड खरवडली. शिसवी रंगाखाली खोक्याचं लाकूड. अण्णांच्या बोर्डावर स्ट्रायकर समोर आपटून परत हातात येतो; इथे अर्ध्या वाटेत बसकण मारतो. सोंगट्यांची पेटी मात्र मखमली! चंदू मला म्हणाला होताच, "ताई, लोक बोर्ड उचलून बघत नाहीत गं, पेटी उघडून बघतात." म्हणजे लोकांनी पैसे मोजायचे ते पेटीचे. अण्णांच्या बोर्डाबरोबर आमच्या आईने शिवलेल्या जुन्या चादरीच्या पिशवीतून सोंगट्या जायच्या, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

तरी माझं मन अण्णांकडे झुकणारच. म्हणून दोन्ही बोर्डांच्या फ्रेमला वर्तमानपत्र गुंडाळलं आणि चंदूच्याच मुलीला, मृणालिनीला, खेळायला बसवलं. ती कॉलेजच्या संघात खेळते. दोनचार फटके मारून म्हणाली, "आत्या, हा दुसरा कुठल्या भामट्याकडनं आणलास गं?"

मी कागद सोडला नाही.

४. बोर्डाच्या पाठीवर अण्णांचं नाव डागायचा लोखंडी ठसा अण्णांनी मला दिला होता. "आधी खेळून बघ, मग डाग दे," एवढीच अट होती. कारखाना चंदू चालवतो म्हणून ठसा त्याच्याकडे ठेवला. माझ्या पश्चात तो मृणालिनीचा. तिने खेळून पाहिलेल्या बोर्डावरच तो उमटावा.

दत्तारामांना बोर्ड मिळणार, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही.

सही: सुहासिनी र. कर्णिक
साक्षीदार: श्यामसुंदर प्रधान, मालन वैद्य

ता.क. सही करून प्रधान म्हणाले, "बाई, हे तुम्ही गेल्यावर लागू होणार. तुमची तब्येत तर ठणठणीत!" खरंच की. आणि तोवर चंदू अण्णांच्या नावाने डाग देत बसणार.

उद्याचं काम: मानखुर्दच्या कारखान्यातून ठसा घरी आणणे.