पुलाची चूकदुरुस्ती

ता. ६ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. फोनवर हे बोलता येत नाही. मला अर्धंच ऐकू येतं आणि तुझी आई फोन हातात घेतला की जेवलीस का यापुढे जात नाही. आधी सांग, खोलीच्या दाराला नवी कडी बसवलीस का? आणि खोकला?

इकडे वर्तमानपत्र यायचं बंद झालं. बसमधून गठ्ठा उतरायचा, तो आता उतरत नाही. एजंट म्हणतो, घेणारी घरंच उरली नाहीत, मोबाइलवर वाचा. सलूनवाल्याने त्याच्या फोनवर तुमचा पेपर काढून दिला. बोट लावलं की बातमी पळते आणि मधेच साबणाची बाई येऊन उभी राहते. तुझं नाव कुठेच दिसलं नाही. छापलेलं नाव दिसलं की मी समजायचो, पोरगी धडधाकट आहे, काल कामावर फिरत होती. आता काय समजू?

तुझ्या आईला डोळ्यांनी अंधूकच दिसतं. संध्याकाळी मी तुझी बातमी वाचायची आणि तिने ऐकायची, हा आमचा नेम. पेपर बंद झाल्याचं तिला सांगायचा धीर झाला नाही. म्हणून माळ्यावरची रद्दी काढली आणि तुझ्या जुन्या बातम्या आजच्या म्हणून वाचू लागलो. चार-दोन दिवस बरे गेले. मग नदीवरचा पूल सोमवारी सुरू होणार, अशी तुझी बातमी हाती लागली. पूल आताही दुरुस्तीसाठी बंद आहे आणि ती बातमी मागच्या दुरुस्तीच्या वेळची, तरी मी वाचून टाकली. तुझ्या आईने ती शेजारच्या शिंप्याला सांगितली, वर आमच्या ठकूने छापलंय म्हणजे दगडावरची रेघ, असंही ऐकवलं. त्याच्या लेकीला नववा महिना. तिला रिक्षात घालून तो दवाखान्यात निघाला, तर पूल बंदच. मोठा वळसा पडला, पोरीचे हाल झाले. ती सुखरूप आहे, पण दारात येऊन तो म्हणाला की आता तुमची ठकूही फोनवाल्यांसारखं वाटेल ते लिहायला लागली.

मग मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. म्हणाली, मला फसवलंत ते फसवलंत, पोरीचं नाव का घालवलंत? तेव्हापासून वाचा म्हणत नाही. मी काय करू ते तूच सांग.

तुझे घाबरलेले,
बाबा

ता. १४ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. साबणाच्या बाईपाशी हसले, शिंपीकाकांच्या लेकीपाशी हसू गेलं. कडी बसवली आहे. खोकला गेला.

माझं नाव दिसत नाही, कारण मी आता बातम्या लिहीतच नाही. तुम्हाला सांगायचं टाळत होते. तिकडची आवृत्ती बंद झाल्यावर इथली निम्मी टेबलं रिकामी झाली. मला फोनवरच्या मथळ्यांवर बसवलंय. भिंतीवर मोठा पडदा आहे. कुठल्या मथळ्यावर किती बोटं पडली ते त्यावर दिसतं. कमी पडली की मथळा बदलायचा, बातमी तीच. मालक म्हणतात, पेपर जगवायचा तर हेच करावं लागेल. ते खोटं बोलत नाहीत, छपाईचा खर्चच निघत नव्हता. पण तेव्हापासून मी कुठे बाहेर पडलेली नाही. माझ्या चपला झिजत नाहीत म्हणून मैत्रीण चिडवते. रस्त्यात उभं राहून माणसांना विचारायची आठवण येते, घराची येते तशी.

आता तुमचं काम. आमच्यात चूक झाली की त्याच पानावर चूकदुरुस्ती छापतात. सबबी सांगायच्या नाहीत. काय चुकलं आणि खरं काय, एवढंच. सोबतचा कागद सलूनच्या दारावर चिकटवा. त्यात लिहिलंय की पुलाची ती बातमी जुनी होती, ती आजची म्हणून आमच्या घरातून सांगितली गेली, पूल बंद आहे, आणि ज्यांना त्रास झाला त्यांची आम्ही माफी मागतो. खाली माझं नाव आहे. शिंपीकाकांकडे मात्र तुम्ही स्वतः जा. हे पत्र आईला वाचून दाखवा, काही गाळू नका.

तुमच्या मायेत राहू इच्छिणारी,
ठकू

ता. २ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद वि. वि.

कागद चिकटवला. माणसं अर्धी दाढी सोडून वाचायला उठली. शिंप्याकडे जाऊन आलो. लेकीला मुलगी झाली, म्हणून तोही निवळलाय. म्हणाला, फोनवर रोज इतकं खोटं येतं, पण चुकलं म्हणून कोणी सांगत नाही. मग विचारलं, पूल बंद हे कळलं, सुरू कधी होणार? दुकानात बसलेल्यांपैकी कोणाला ठाऊक नाही. एकाच्या फोनवर उद्या, दुसऱ्याच्या फोनवर पाडणार. आणि सगळे माझ्याकडे बघू लागले, जणू मीच संपादक.

म्हणून काल पुलावर गेलो. पहारेकरी म्हणाला, थंडीपासून काम थांबलंय, मुकादम फिरकलेला नाही. एकाच्या तोंडचं खरं धरायचं नाही असं तू म्हणायचीस, म्हणून चहावाल्यालाही विचारलं. तोही तेच म्हणाला. घरी येऊन लिहून काढलं आणि तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ठीक आहे, पण यात नुसता पूल आहे. ठकूच्या बातमीत पुलाशी अडलेली माणसं असायची, कोण कुठे निघालं होतं ते कळायचं.

मला राग आला नाही. ती बरोबर बोलली. ठकू, तुझ्या पेपरात जागा नसली तर नसो, दोन दिवसांची रजा काढ आणि ये. पूल बघ, माणसांना विचार, इथे बसून लिही. लोक वाट बघताहेत. तुझी आई तर रोज संध्याकाळी नेहमीच्या वेळेला येऊन बसते आणि तशीच उठते. बस वळसा घालून येते, तेव्हा वेळ जास्त धर आणि खिडकीतून हात बाहेर काढू नकोस.

कधी निघतेस ते दोन ओळींत लगेच कळव. रजा मिळत नसेल तर तेही कळव. तुझ्या आईला काय सांगायचं ते मात्र तूच लिहून पाठव, मी आता मनचं काही सांगणार नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेले,
बाबा