दाव्याला बांधलेली शेळी

सर, तुमच्या फोटोंचं प्रदर्शन भरलंय. शहराचं नाव बदललं, पण फोटोंखालच्या चिठ्ठ्यांवर अजून औरंगाबादच आहे. मधोमध तुमचा तो बिबट्या. डावा कान फाटलेला, मावळतीचं ऊन अंगावर, नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. लोक त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी काढतात. मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं, तुमची शिष्या म्हणून. मी नाही म्हणाले.

त्या फोटोत शेळी दिसत नाही. तुम्ही ती चौकटीबाहेर ठेवली होती.

गौताळ्याच्या डोंगराखालच्या वस्तीवर एक म्हातारी एकटी राहायची. तुम्ही तिच्या चुलीपुढं बसून चहा प्यालात, तिच्या हातच्या भाकरीची तारीफ केलीत आणि मग शेळी मागितलीत. म्हातारी म्हणाली, "न्या, पर माघारी आणा. लई गुणाची हाय." तुम्ही म्हणालात, "आणतो की, मावशी." मला वाटलं, शेळीचेच फोटो काढायचेत. ओढ्याकाठी तुम्ही तिला दाव्यानं झाडाला बांधलंत तेव्हा मला समजलं. मी विचारलं, "सर, असं करतात का?" तुम्ही कॅमेऱ्यावरून नजरही न काढता म्हणालात, "तुला फोटो पाहिजे का पुण्य? पुण्य पाहिजे असंल तर खुलताबादला देवाला जा." मी तशीच दावं सोडायला उठले. तुम्ही माझं मनगट इतकं घट्ट धरलंत की बोटांचे वळ उमटले. शेळी ओरडत राहिली, आणि तो आला.

परतताना म्हातारी दारात उभी होती. तुम्ही गाडीतून उतरलाच नाहीत. काच खाली करून म्हणालात, "बिबट्यानं नेली, मावशी. नशीब." ती नुसती दाव्याकडं बघत राहिली. दावं माझ्या हातात होतं.

पुढं तुम्हाला बक्षीस मिळालं आणि बिबट्याला वस्तीची वाट. आधी तो माणसाची चाहूल लागली की नाहीसा व्हायचा. आता दिवसाढवळ्या गोठ्याशी येऊन बसू लागला. वासरं गेली, कुत्री गेली, आणि एका सकाळी कापूस वेचणाऱ्या बाईवर तो धावून गेला. ती वाचली, पण तिचा हात कायमचा अधू झाला. गावानं वनखात्याला पिंजरा लावायला लावला. पकडलेल्या बिबट्याचा डावा कान फाटलेला होता. गजांवर आपटून आपटून त्याचे दात तुटले होते, तोंड रक्तानं भरलं होतं. मी रडत होते. तुम्ही गर्दीतून वाट काढत पुढं गेलात आणि त्याचाही फोटो काढलात.

तुमच्या सत्काराला मी उभी राहिले आणि सगळं बोलले. तुम्ही हसलात. माइकवरून म्हणालात, "पोरगी हुशार आहे, पण हिला अजून स्वतःचा बिबट्या मिळाला नाय ना, म्हणून जळते." सभागृह हसलं. त्यानंतर शहरातला एकही फोटोग्राफर मला सोबत नेईना. देवगाव रंगारीची शेतकऱ्याची पोर, तिच्या शब्दाला किती वजन असणार? तुम्ही गेलात तेव्हाही पेपरात तोच फोटो आला. मी मातीला आले नाही, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

मी एकटीच जात राहिले. सुट्टीच्या दिवशी, उजाडताना, कुणाचं जनावर न बांधता. वर्षानुवर्षं मला फक्त पंजांचे ठसे दिसले. मग या हिवाळ्यात, खडकाच्या सावलीत, बिबट्याची एक मादी. तिला मी असल्याचं कळलं होतं. तिनं शेपूट एकदा हलवली, जांभई दिली आणि करवंदीच्या जाळीत शिरली. एकच फोटो आला, तोही थोडा हललेला.

हे पत्र तुम्हाला कुठं पाठवणार, आणि पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. पण त्या सकाळी डोंगर उतरताना माझं मन आनंदानं नुसतं फुलून गेलं होतं, आणि हा फोटो कुणाला दाखवू असं वाटलं तेव्हा, सर, पहिल्यांदा तुम्हीच आठवलात.