ढब्बूचा दुसरा रिपोर्ट

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू बरी असशील, असं लिहायची पद्धत आहे. बरी कशी असशील? तुझ्या आईंचा गुडघा कसा आहे ते मात्र कळव. इकडे सगळे ठणठणीत आहेत. मलाच त्यांच्या पंगतीला बसवत नाही.

आधी चांगली बातमी. ढब्बूचा रिपोर्ट आज आला. रक्तातलं ते एन्झाइम पार खाली उतरलंय, त्याच्या वयाला हवं तेवढंच आहे. रक्त घेताना दादा बाहेर फोनवर होता, मीच मांडीवर धरलं. रडला, मग सुई टोचणाऱ्या बाईंचा चष्मा ओढून हसला.

घरात शिकलेली मी एकटी, म्हणून रिपोर्ट वाचायचं काम माझं. पहिला मीच वाचला होता, आणि डॉक्टरांचं म्हणणंही जसंच्या तसं घरी सांगितलं होतं. सर्दी-जुलाबानंतर लहान मुलांत हा आकडा कधीकधी भलताच चढतो. यकृत ठीक, हाडं ठीक. काही महिन्यांत आपोआप उतरेल, औषधही नको. पण आकड्यापुढे छापलेली चांदणी आमच्या आईने पाहिली आणि तिच्या लेखी निकाल लागला. तुझं दूध बाधलं. दूध तोडायचं, म्हणून तुझी रवानगी माहेरी. तू जिना उतरत होतीस तेव्हा तुझे कपडे दुधाने भिजले होते. आई शेजारणीला म्हणाली, बरंच आहे, जाऊ दे वाया.

आज मी वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, कोणीतरी मान खाली घालेल. आई म्हणाली, ती गेली आणि पोर सुधारलं. मी डॉक्टरांचं पुन्हा सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दादा टायरच्या दुकानातून नुकताच आला होता, काळ्या हातांनीच जेवायला बसला. म्हणाला, "खिळा उपटून पंक्चर काढलं की हवा गळायची थांबते. त्यात काय एवढं?"

सगळे हसले. वहिनी, तो तुझा नवरा आहे, माझा सख्खा भाऊ आहे, पण मला ओकारी आली. नुसती म्हणायला नाही, खरंच बेसिनपाशी जाऊन ओकले.

हे लिहून थांबणार होते. पण उरलेलं न सांगणं म्हणजे मीही त्यांच्यातलीच. तुला परत बोलवायचं नाही असं ठरतंय. पोर जरा मोठं होऊ दे, म्हणतात. किती मोठं, ते कोणी बोलत नाही. आणि परवापासून ढब्बू मला आई म्हणतो. मी आत्या म्हणायला शिकवते, तर आजी त्याला बिस्किट दाखवून तेच पुन्हा म्हणायला लावते आणि टाळ्या वाजवते. बघवत नाही मला. त्याहून वाईट म्हणजे, त्याने हाक मारली की मी वळते.

शनिवारी मी त्याला घेऊन तुझ्याकडे येते. लसीचं निमित्त सांगता आलं असतं, पण खोटं बोलताना माझा चेहराच सगळं सांगतो. म्हणून दादाच्या तोंडावर सांगूनच निघेन. अडवलं तर अडवलं, पण मी पोराला खाली ठेवणार नाही.

दुपारी घरीच थांब. तो दारात मला आई म्हणाला, तर मन खट्टू करू नकोस. ओ तू दे. मी गप्प राहीन.

ढब्बूची आत्या, आणि आत्याच