लाल शाई नसलेल्या वह्या

सर, तुमचा लघुप्रबंध मी वाचला. चाळिशीला टेकल्यावर मी उपयोजित भाषाविज्ञानात एम.ए. करतेय, आणि विषय घेतलाय इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या चुका. मार्गदर्शक मॅडमनी विभागाच्या कपाटातून एक जुनं बाड काढून दिलं, म्हणाल्या, तुमच्याच कर्जत तालुक्यातलं काम आहे, बघा. वर तुमचं नाव होतं. आत, विद्यार्थिनी क्रमांक चार म्हणून, मी होते.

नववीत तुम्ही मला दोनशे पानी वही दिलीत आणि रोज एक पान इंग्रजीत लिही म्हणालात. ती भरली की दुसरी मिळायची. पोशीरहून नेरळला शाळेत येताना मी डब्यापेक्षा त्या वहीला जपायचे. रविवारी ती द्यायला मी तुमच्या घरी येते. काकू भाकऱ्या थापतायत, तुम्ही तिथेच पाटावर बसून माझं पान वाचताय, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून तुमच्या तोंडाकडे बघतेय. आजा गेला त्या दिवसाचं पान तुम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचलंत. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मी घरी जाऊन सांगितलं. तेच पान प्रबंधात आहे. खाली तुम्ही लिहिलंय, भूतकाळाच्या चुकांचा उत्तम नमुना.

तुम्ही मला एकदाच ओरडलात. कॉलेजात जाणाऱ्या चुलत बहिणीने माझ्या पानावर पेन्सिलने दुरुस्त्या केल्या होत्या. ते पान तुम्ही टरकन फाडलंत आणि माझ्याशिवाय ही वही कुणाला दाखवायची नाही म्हणालात. मला रडू आलं, पण आतून फुललेही. माझं लिहिणं सरांना एवढं मोलाचं! चुका सुधारल्या की तुमचा नमुना नासत होता, एवढंच होतं ते. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण लाल शाई कळत होती. त्यांनी शाळेत येऊन तुम्हाला विचारलं, "सर, पोरीच्या वहीत लाल शाई कुठं दिसत नाय. समदं बराबर हाय ना?"

तुम्ही हसलात. "लिहू द्या तिला," म्हणालात. आमची पोर एक चूक करत नाय, हे बाबांनी त्या दिवशी गावभर सांगितलं.

मी बारावीत असताना तुम्ही वारलात. पुढे मोहोपाड्याच्या एका इंग्रजी शाळेत नोकरीसाठी गेले, तर त्यांनी हाताने एक पान लिहायला लावलं. तिथल्या बाईंनी ते माझ्यासमोर लालेलाल केलं आणि विचारलं, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही? नोकरी मिळाली नाही त्यापेक्षा घरी बाबांना काय सांगायचं याचीच मला लाज वाटली. तरी वीस वर्षं मी तुमचीच बाजू घेतली. सरांना वेळ मिळाला नसेल, म्हणायचे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, सर. आभाराच्या पानावर मुख्याध्यापक आहेत, काकू आहेत, टाइप करून देणाराही आहे. चार नंबर नाही.

हे पत्र मी काकूंच्या हाती ठेवणार होते. त्या अजून नेरळच्या त्याच घरात आहेत. आता नाही ठेवणार.

कुंभिवलीत मी शिकवणी घेते. हायवेवरच्या गॅरेजवाल्याची मुलगी माझ्यासाठी रोज एक पान लिहिते. नमुने जमेपर्यंत वहीला पेन लावायचा नाही, असं ठरलंय. मी तुमच्यासारखी नाही, मी तिच्या आईची रीतसर सही घेतली आहे. फॉर्म इंग्रजीत होता. तुमचं बाड वाचून आठ दिवस झाले होते, तेव्हा ती आई वही घेऊन दारात आली. "मॅडम, हिच्या वहीवर एक बी खूण नाय. बराबर लिवते ना?"

मी हसले, सर. आणि म्हणाले, लिहू द्या तिला.