कासवाखालची माती

सावेडी, नगर
३ एप्रिल २०२५

ती. आजीस,
संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर इतकं ओरडावं लागतं की शेजारी खिडकीत येतात. म्हणून पत्रच.

माझी मैत्रीण फलक तुला आठवत असेल. आपल्याकडे आली होती तेव्हा तुझ्या हातची नागलीची भाकरी मागून मागून खाल्ली तिने. तिचे अब्बा, नियाजचाचा, हिवाळ्यात गेले. त्यांचं एक कासव आहे. परदेशी जातीचं, रीतसर कागद असलेलं. फलक पुण्याला ट्रेनिंगला गेली आहे, तोवर ते माझ्याकडे आहे. देताना म्हणाली, अब्बांचं चालतंफिरतं एवढंच उरलंय, जप.

आता अडलंय ते त्याच्या अंथरुणाशी. हॉलमध्ये त्याला लाकडी खोकं केलंय. वर्तमानपत्र घातलं तर पाय घसरतात आणि ओलं झालं की वास मारतं. वाळू घातली तर खातं, पोटात गच्च बसेल अशी भीती. लाकडाच्या भुशाचा वास उग्र. दुकानदार नारळाचा भुसा घ्या म्हणतो, पप्पा म्हणतात वर्तमानपत्रच बरं. तू काय म्हणतेस?

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
संस्कृती


करंजवाडी, ता. अकोले
९ एप्रिल

चि. संस्कृतीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट जाड बघून वाटलं तुझ्या लग्नाचं काही असंल. निघालं कासवाचं.

देवळात गाभाऱ्यापुढं दगडाचं कासव असतं, त्यानं आजवर गादी मागितली न्हाई. तुमचं मात्र हॉलात बसून अंथरुणाचे नखरे करतंय. पण गेलेल्या माणसाची ठेव हाय म्हणतेस, तर मस्करी बास.

भुसाबिसा इकत आणू नको. राबाची माती धाडते. पाला, शेणी, गवत जाळून आपण रोपासाठी जागा भाजतो ना, तीच. किडा न्हाई, मुंगी न्हाई. कोंबडीची पिल्लं मी ह्याच मातीत सोडते, लोळली की अंगावरच्या पिसवा झडतात. चार बोटं थर दे. पाणी मारू नको, चिखल व्हईल. छगनची जीप संगमनेरला जाती, तो गोणी पुढं एसटीत घालील.

तुझ्या बापाला म्हणावं, वर्तमानपत्र वाचायला असतंय. तेवढं तरी करत जा.

आमच्यावर जीव असू दे, निदान गोणी संपंस्तोवर.
बनुबाई


सावेडी
२४ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

गोणी मिळाली, माती घातली. कासव दोन दिवस खुशीत उकरत होतं. मग त्याचे डोळे सुजले. आता दोन्ही मिटलेत, आणि दिसत नाही म्हणून ते खातही नाही. पालक नाकाशी धरला तरी मान आत घेतं.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा फलक व्हिडिओ कॉलवर होती. डॉक्टरांनी विचारलं, खाली काय घालता. मी म्हणाले, नर्सरीतली साधी माती. आजी, तिच्यासमोर तुझं नाव घ्यायला जीभ वळेना. तू एवढ्या मायेने पाठवलेली माती, आणि डॉक्टर काहीतरी लागेल असं बोलतील, फलक ऐकेल. डॉक्टर म्हणाले, मग खाण्यात जीवनसत्त्व कमी पडलं असेल. इंजेक्शनं सुरू केली. उतार नाही.

मला ती राख सारखी खुपते. माती काढू का? तुला विचारल्याशिवाय काढावीशी वाटेना. फलक रोज फोटो मागते. मी पाठीचा फोटो पाठवते.

माया आहे तशी ठेव.
संस्कृती


करंजवाडी
२९ एप्रिल

चि. संस्कृतीस आशीर्वाद. वि. वि.

छगनच्या मोबाईलवरून निरोप मिळाला असंल, की माती काढ आणि खरं सांग. त्याला कारण काय समजणार, म्हणून हे लिहिते.

तू माझी अब्रू राखलीस म्हणं! माझी अब्रू काय मखरात बसवायची हाय? डाक्टरपुढं खोटं बोललं तर औषध कुणाला लागू पडंल? अन् मला विचारायला थांबलीस! घर पेटलं तर विझवू का म्हणून पत्र लिहिशील काय गं?

माती मी धाडली. पिल्लू राखेत लोळतं, उठतं, अंग झटकून उकिरड्यावर जातं. कासवाचं नाकडोळं जिमिनीला टेकलेलं. ते झटकणार काय अन् जाणार कुठं? हे माझ्या डोक्यात यायला पायजे हुतं, आलं न्हाई. माझी चूक मी उचलीन. तुझी तू उचल.

फलकला आजच सांग. पाठीचं फोटो बास झालं.

मायेचं फुडं बघू.
बनुबाई


सावेडी
१२ मे

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

छगनकाकांचा फोन आला त्याच दिवशी माती काढली आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. ते चिडले. म्हणाले, राखेने डोळे पोळलेत हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता रोज डोळे धुतो, कोमट पाण्यात बसवतो. खाली नारळाचा भुसा आणि चाळलेली साधी माती, हाताला जराशी ओल लागेल इतपत. पंधरवड्याने बदलायची. उजवा डोळा उघडला, जास्वंदीचं फूल खाल्लं. डाव्यावर पांढरं आलंय. तो डोळा गेला.

फलकला फोनवर सगळं सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आली. राखेसाठी कुणाला दोष दिला नाही. म्हणाली, आजींना काय माहीत. फक्त विचारलं, डॉक्टरांनी मातीचं विचारलं तेव्हा मी कॉलवर होते ना? मी हो म्हणाले. तिने कासव ओढणीत घेतलं आणि इथेच मुकुंदनगरला तिच्या मावशीकडे गेली. तिथेच राहून बाकीचं ट्रेनिंग ऑनलाइन करतेय म्हणे. भुशाची पिशवी मी हातात दिली होती, ती जिन्यात ठेवून गेली.

फोन उचलत नाही. मी काय करू?

तुझ्याशिवाय कुणाला विचारू?
संस्कृती


करंजवाडी
१७ मे

चि. संस्कृतीस आशीर्वाद. वि. वि.

वाचलं. पोरगी आरडली असती तर बरं हुतं. गप गेली म्हणजे लई आत लागलंय.

फोन करू नको. माफीचं लांबलचक लिहू नको, त्यानं तुझंच मन हलकं हुईल, तिचं न्हाई. ती पिशवी उचल अन् मुकुंदनगरला जा. मावशीच्या फरशीवर ते एका डोळ्याचं जनावर घसरत असंल. तिचा राग तिच्यापाशी, पण त्याच्या पोटाखाली काय हाय ते कुणी बघायचं?

दार उघडलं तर भुसा पसर अन् ये. न्हाई उघडलं तर पिशवी उंबऱ्याशी ठेव अन् ये. पंधरवड्यानं बदलायचा म्हणालीस ना? मग पंधरवड्यानं परत जा. तवाबी दार बंद असंल तर पुढच्या पंधरवड्याला जा. कवातरी आतून ये म्हणंल. न म्हणाली तरी भुसा घाण व्हायचा काय थांबत न्हाई.

तुझ्यावर जीव हाय, म्हणून एवढं तोडून लिहिलं.
बनुबाई